नखुरडे की अर्बुद?

सरकारी नोकराला बदली चुकत नाही आणि त्याच्या कुत्र्यालाही चुकत नाही. आमचा काळा लॅब्रेडॉर, काळू, असाच माझ्यामागे कोलकात्यास आला. तेव्हा त्याला नववे वर्ष होते. पहिल्याच पावसाळ्यात तो पुढच्या पायाने लंगडू लागला. एका नखाचे मूळ सुजले होते. घरात सर्वांनी त्याला नखुरडे ठरविले. हळद झाली, मलम झाले. पुढे नख गळून पडले, तेव्हा तर सुटलो असेच वाटले. दोन महिने असे दवडले, हा दोष सर्वस्वी माझा.

पशुवैद्यांनी पंजाचे क्ष-किरण चित्र काढून मला दाखविले. कुत्र्याचे नख बोटाच्या शेवटच्या पेरातील हाडावरच उगवते. शेजारच्या बोटांत हे हाड चोचीसारखे टोकदार, रेखीव कडांचे दिसत होते. दुखऱ्या बोटात ते टोकच नाहीसे झाले होते आणि उरलेली कड वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखी दिसत होती. निरोगी बोट शेजारीच असल्यामुळे हा फरक माझ्यासारख्या अडाण्यालाही कळला.

कोलकात्यातील बेलगाछियाचे पशुवैद्यक महाविद्यालय १८९३ मध्ये निघाले आणि राँटजेनला क्ष-किरण सापडले ते १८९५ मध्ये. म्हणजे पशुवैद्यकाची ही शाळा त्या किरणांहूनही जुनी. परंतु हे किरण हाड खाल्ले गेले एवढेच सांगतात. कोणी खाल्ले, ते सांगत नाहीत. जुनाट जंतुदोषही हाड झिजवितो. उलट, अर्बुद कोवळे असताना हाड शाबूत दिसू शकते. म्हणून त्या जागेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून निदान पुरे होत नाही. रोग फुप्फुसांत पसरला आहे काय, हे पाहण्यासाठी छातीचेही चित्र घ्यावे लागते.

काळूला स्क्वेमस पेशींचा कर्करोग निघाला. नखाच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगांत हाच अधिक आढळतो आणि मोठ्या चणीच्या काळ्या कुत्र्यांत विशेष. छाती सुदैवाने स्वच्छ होती. बोट काढावे लागले. आज उरलेल्या बोटांवर तो सुखाने चालतो. मात्र हा रोग पुढे दुसऱ्या बोटातही उद्भवू शकतो, म्हणून दर रविवारी मी त्याचे चारही पंजे हातात घेऊन पाहतो.

मुक्या जनावराला दुखणे सांगता येत नाही. नखाची सूज औषधाने हटत नसेल, तर तिला नखुरडे म्हणून स्वस्थ बसू नये, एवढेच सांगणे.