नाणेघाट ते हबशी वजीर : जुन्नरचा समुद्रापारचा संबंध

आफ्रिका आणि अरबस्तान यांच्याशी होणाऱ्या व्यापाराला जुन्नर परिसर पूर्वापार जोडलेला आहे. सातवाहन काळात कल्याण, सोपारा या बंदरांतून जहाजे अरबी समुद्रापार तांबड्या समुद्राकडे, इजिप्तच्या बंदरांपर्यंत जात. कोकणात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता असे सांगतात. बाजूच्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख मात्र अधिक भरवशाचा पुरावा. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांची त्यात मोजदाद आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दानेही कोरलेली आहेत.

पुढे मालाबरोबर माणसेही आली, आणि सगळी स्वखुशीने नव्हे. हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचा, वजीर मलिक अंबर हे त्यातले सर्वांत मोठे नाव. जन्म सुमारे 1548, इथिओपियात. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला आणि अरबस्तान, बगदाद असे हात बदलत दख्खनेत अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकल्यावर त्यानेच निजामशाही सावरली आणि काही काळ जुन्नरला राजधानी केली. जमीनमहसुलाची त्याची पद्धत पुढेही नावाजली गेली. 1626 मध्ये तो वारला.

आज हा भाग पर्यटकांच्या नकाशावर आहे, पण बहुतेक जण शिवनेरी किल्ला पाहून परततात. आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकहून मंचर, नारायणगावमार्गे जुन्नर आणि पुढे घाटघरवरून नाणेघाट गाठता येतो.