विहिरीतले नायट्रेट आणि लोखंडाची भुकटी

(नाशिक येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मालेगाव-नांदगावकडून आलेल्यांनी आम्हाला विचारले, लोखंडाची नॅनो भुकटी विहिरीत टाकली की नायट्रेट जाते म्हणतात, ते खरे का? (दुकानातल्या नॅनो युरियाच्या बाटलीशी याचा संबंध नाही.)

शास्त्र खोटे नाही. हे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक. बारीक म्हणून झपाट्याने गंजतात, आणि गंजताना नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. पण नत्र जातो कुठे? बहुतेक अमोनिया होऊन पाण्यातच राहतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, अमोनियाची अवघी अर्धा. म्हणजे आगीतून फुफाट्यात! शिवाय तो अमोनिया जिवाणूंमुळे पुन्हा नायट्रेट होतो.

आता हिशेब मांडा. लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेटचे पाणी असेल, तर हजार लिटरला कागदावरच ३६० ग्रॅम लोखंड लागते. प्रत्यक्षात जास्त, कारण बरेचसे नुसतेच गंजून जाते. आणि आपल्या काळ्या खडकातल्या विहिरीला रोज नवे पाणी पाझरते. असली भुकटी कोणी विकायला आला तर त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

मात्र दुखणे खरे आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नमुने मर्यादेबाहेर निघाले. सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, नांदेड, बीड. सारा कापसाचा मुलूख. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असल्या पाण्यात दूध कालवून दिले तर रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, बाळ निळे पडते. अमेरिकेत १९४५ सालीच एका डॉक्टरने हे नोंदवले. आणि बायांनो, पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते, ते दाट होते.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत पावणेएकवीस किलो नत्र. तो सगळा नायट्रेट होऊन झिरपला तर वीस लाख लिटर पाणी मर्यादेला पोचते. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. २०१० साली सरकारने स्फुरद-पालाशचे भाव मोकळे सोडले आणि युरिया तेवढा बांधून ठेवला; मग हात युरियाकडेच जाणार. आम्हीही कृषी पदवीच्या तोऱ्यात गोण्यांचे आकडे सांगत फिरलोच की. विहिरीला लागून उकिरडा आणि शोषखड्डाही आपणच ठेवतो.

तेच पाणी कपाशीला सोन्यासारखे. वरच्या पाण्याची एकरी दोन लाख लिटरची एक पाळी दिली, तर साडेचार किलो नत्र फुकट पडतो, म्हणजे जवळजवळ दहा किलो युरिया. तेवढा कमी टाका. उरलेला दोन-तीन हप्त्यांत, ओल पाहून, मुळाशी द्या. मोठ्या पावसाच्या तोंडावर फेकू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने त्याच सकाळी भरलेली, विहिरीच्या पाण्याने धुतलेली लिटरची बाटली आणावी. वर गाव आणि गट नंबर लिहावा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत आम्ही त्या एकत्र नेऊ. ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे, त्यांच्या बाटल्या आधी.