पायाखालचे पाणी : जोधपूरचा बोध



राव जोधा यांनी १४५९ मध्ये जोधपूर वसविले, तेव्हा टेकडीवरील चिडियानाथ नावाच्या साधूला आपली कुटी सोडावी लागली. या नगरीला पाण्याची वाण पडेल, असा शाप देऊन तो निघून गेला, अशी लोककथा आहे. शापाचे कोणी काहीही मानो, वाण मात्र खरी होती. तेथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ३६ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि तोही मोजक्याच दिवसांत.

नगरजनांनी दैवाला बोल लावला नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी राणी जसमादे यांनी राणीसर तलाव बांधविला. पुढे पदमसर झाले, बावड्या व झालरे खोदले गेले, घरोघरी छताचे पाणी टाक्यांत साठू लागले. खडकाळ उतारावर पडलेले पाणी तलावांत जाई आणि तेथून झिरपून खालच्या विहिरींना मिळे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस राजीव गांधी लिफ्ट कालव्यामुळे पंजाबातील हरिके येथून निघणारे पाणी शहरात पोहोचले. हा उपकार मोठाच. परंतु घरात नळ आला आणि दारची बावडी विस्मरणात गेली. पाणलोटात खाणी व वस्ती झाली, बावड्यांत कचरा साचला. जुन्या विहिरींचा उपसा घटला, जलवाहिन्यांची गळती जमिनीत मुरली आणि जुन्या शहरातील तळघरांत पाणी चढू लागले. उलट डागडुजीसाठी कालवा बंद राहिला की भर उन्हाळ्यात त्याच शहराला थेंब थेंब जपावा लागतो. पायाखाली पाणी आणि घशाला कोरड, अशी ही अवस्था!

तरीही निराश होण्याचे कारण नाही. अठराव्या शतकातील तूरजी का झालरा अनेक वर्षे गाळाने भरलेला होता. तो २०१० नंतरच्या दशकात स्वच्छ झाला आणि त्याच्या पायऱ्या पुन्हा उजेडात आल्या.

हिशेबही सोपा आहे. शंभर चौरस मीटर छतावर तेथील वर्षभराच्या पावसाचे ३६ हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला, तरी सुमारे २९ हजार लिटर उरते. माणशी रोज दहा लिटर धरल्यास पाच जणांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास वर्षाला सव्वाअठरा हजार लिटर पुरतात.

पाणी गाळून पिणाऱ्या आणि प्रत्येक थेंबात जीव पाहणाऱ्या समाजाला हा बोध परका नाही. पावसाळ्यापूर्वी आपापले छत झाडावे, पन्हळ साफ करावी, अंगणातील बुजलेली विहीर उपसावी. पाण्याविषयीचा विवेक आचरणात उतरण्यास एवढा आरंभ पुरेसा आहे.

जय जिनेंद्र!