तिच्या हाताला काम, तिच्या हाती दाम

१९९५ च्या अपंग कायद्यातल्या ३ टक्के राखीव नोकऱ्यांत बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना वाटा नव्हता. २०१६ च्या कायद्याने तो दिला. पण नोकरीआधी शिक्षण हवं. आमच्या कार्यशाळेत मुलगे येतात, मुली घरी राहतात. आया म्हणतात, ‘ताई, बाहेर काही झालं तर?’ घरी मात्र हीच मुलगी भांडी घासते, भाचरं सांभाळते. त्याला कुणी काम म्हणत नाही.

आयांची भीती खरी आहे. म्हणूनच बसचा नंबर ओळखणं, ‘नको’ म्हणून ओरडणं हेही आम्ही पाकिटं करण्याबरोबर शिकवतो. पहिला मोबदला मुठीत धरून एकीने विचारलं, ‘हे माझे?’

तिचेच! तुमच्या वस्तीत अशी मुलगी घरात बसून असेल, तर तिच्या आईशी बोला. आणि तिच्याशीही.