पुरणयंत्रातली इटली

आमच्या सूनबाईचा वाढदिवस डिसेंबरात येतो. लग्न होऊन ती पुण्याहून भिलाईला आली, त्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. घरात ती कशालाही नाही म्हणत नसे. परंतु हो म्हणताना तिचा आवाज फारसा चढतही नसे. अशा अबोल मुलीने काही मागितले म्हणजे घरच्यांना हायसे वाटते. वाढदिवसाला काय करू या, असे मी विचारले तेव्हा ती जरा घुटमळून म्हणाली, “आई, इथे कुठे चांगले इटालियन मिळते का हो?”

मी वर्ध्याची. १९७८ साली लग्न होऊन भिलाईला आले. पोलादाच्या कारखान्यातल्या नोकरदाराचा संसार मी चालवला, आणि ‘इथे काय मिळते’ या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही असे सहसा झालेले नाही. पण या प्रश्नाने मी अडले. चिरंजिवांनी चौकशी केली आणि आम्ही चौघे त्या संध्याकाळी एका झगमगीत ठिकाणी जाऊन बसलो. तेथे इटलीचे तीन रंग होते: लाल, पांढरा आणि त्या दोहोंच्या मिश्रणाचा गुलाबी. आम्ही लाल मागवला. शिजून लगदा झालेल्या नळ्यांवर गोड, चकचकीत असे काहीतरी ओतलेले होते. त्यात मक्याचे दाणे, सिमला मिरची आणि वरून किसलेले चीज. बाजूला वाळल्या मिरचीची व ओरेगानोची पुडी. हा रस कोणत्या बाटलीतला, हे ओळखायला मला घास घ्यावा लागला नाही. सूनबाईने ताट परत केले नाही. “छान आहे,” म्हणाली. ‘छान आहे’ हे दोन शब्द किती तऱ्हांनी म्हणता येतात, हे सासू झालेल्या बाईला सांगावे लागत नाही.

श्रोतेहो, त्या रात्री मी बराच वेळ विचार करीत होते, की भिलाईत हे असे का व्हावे? हे गावच मुळी पाहुण्यांचे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या भट्टीच्या पाठोपाठ केरळपासून पंजाबपर्यंतची आणि आंध्रापासून बंगालपर्यंतची कुटुंबे येथे राहायला आली. प्रत्येकाने आपली चूल आणली. माझ्या शेजारी एका बाजूस आप्पम होत असे, दुसऱ्या बाजूस लिट्टी. मी पुरणपोळी दिली म्हणजे वाटी रिकामी परत येत नसे. म्हणून या गावात इडली खरी मिळते आणि छोले खरे मिळतात. त्यांची खूण जाणणारी आई कोणत्या ना कोणत्या सेक्टरमध्ये बसलेली असे. इटालियन कुटुंब मात्र आमच्या गल्लीत कधी राहायला आले नाही. तो पदार्थ चुलीबरोबर न येता छापील खाद्यसूचीबरोबर आला. जो पदार्थ घरातून न येता कागदावरून येतो, त्याला चूक दाखवणारे कोणी नसते.

असो. तरीही शोध सोडू नये, असे माझे मत आहे. पुढे आम्ही आणखी दोन-तीन ठिकाणी गेलो आणि एके ठिकाणी अगदी साधी, पातळ पोळीची, काठ फुगलेली पिझ्झाची भाकर मिळाली, ती मलाही आवडली. परीक्षा सोपी आहे. सर्वांत साधा पदार्थ मागवावा: लसूण, तेल आणि टोमॅटो, एवढ्यावरच उभा राहणारा. पास्ता मागणीनंतर शिजवता की आधीच शिजवून ठेवलेला असतो, हे नम्रपणे विचारावे. इटालियन लोकांना तो दाताला लागेल असा हवा असतो. भातात कणी राहिली तर आपण स्वयंपाकिणीला बोल लावतो. पास्त्यात किंचित कणी राहिली पाहिजे. आणि रस येथेच करता का, हा तिसरा प्रश्न. या प्रश्नावर वाढपी आत विचारून येतो म्हणाला, की उत्तर समजावे.

आमच्या घरी खरा उलगडा झाला तो सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात दुर्ग जिल्ह्यातील बाजार टोमॅटोने लाल होऊन जातात. दुर्गच्या उत्तरेला धमधा नावाचा भाग आहे. तेथील शेतकऱ्यांनी टोमॅटोच्या लागवडीत मोठे नाव मिळवले आहे. सूनबाई माझ्याबरोबर पिशवी घेऊन आली होती. भाजीवालीने मला ‘दाई’ म्हणून हाक मारली आणि ‘पताल’ घेण्याचा आग्रह केला. छत्तीसगढीत टोमॅटोला पताल म्हणतात. आमच्या वऱ्हाडाकडच्या जुन्या बायका त्यालाच भेदरं म्हणत. सूनबाई हसून म्हणाली, “इटालियनमध्ये पोमोदोरो, म्हणजे सोन्याचे सफरचंद.” भाजीवालीला हे सांगितले तेव्हा तिने तराजूकडे पाहून ज्या सुरात “सोना?” म्हटले, तो सूर मी अजून विसरले नाही. त्या दिवशी भाव इतका पडला होता, की पिशवी महाग आणि आतला माल स्वस्त.

घरी येताना मी तिला पतालच्या चटणीविषयी सांगितले. टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचे, साल काढायची, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर आणि मीठ घालून पाट्यावर वाटायचे. अंगाकर भाकरीबरोबर खायचे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “आई, मिरची आणि कोथिंबीर काढली तर हे तेच आहे.” पूर्वी मी यावर वाद घातला असता. परंतु विचार करता तिचे म्हणणे मला पटले. टोमॅटो हा इटलीचाही नव्हे आणि आपलाही नव्हे; तो अमेरिका खंडातून निघालेला प्रवासी. इटलीत तो सोळाव्या शतकात पोहोचला आणि बराच काळ लोक त्याच्याकडे संशयानेच पाहत राहिले. नेपल्समध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस अंतोनिओ लातिनी याने छापलेल्या पाकग्रंथात टोमॅटोचा रस आहे, तो ‘स्पॅनिश पद्धतीचा’ म्हणून. म्हणजे इटालियन रसदेखील पाहुणा म्हणूनच नोंदला गेला! पेल्लेग्रिनो आर्तूझी याने १८९१ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्यात तो एका धर्मोपदेशकाची गोष्ट सांगतो. हे गृहस्थ गावातल्या प्रत्येक घरच्या भानगडीत नाक खुपसत. म्हणून लोकांनी त्यांचे नाव ‘दोन पोमोदोरो’ ठेवले होते, कारण टोमॅटोही कुठेही शिरतो. आमच्या कॉलनीत त्या नावाला शोभणारे दोघे-तिघे सहज सापडतील.

आता रसाचे सांगते. सूनबाईने सांगितलेली रीत मार्चेल्ला हाझान या इटालियन बाईंची. त्या अमेरिकेत राहत आणि १९७३ साली त्यांचे पाकशास्त्राचे पुस्तक निघाले. टोमॅटो एक किलो, लोणी सत्तर ग्रॅम, एक मध्यम कांदा सोलून मधोमध दोन भाग केलेला, आणि मीठ. लसूण नाही, मसाला नाही, फोडणी नाही. फोडणी नाही, हे ऐकून मी दोनदा विचारले. ऑलिव्हचे तेलही नको, ही मला मोठी सोय वाटली. घरचे कढवायचे राहिलेले लोणी होतेच.

टोमॅटो लांबट, गराचे आणि कमी बियांचे निवडावेत. टोमॅटोत शेकडा नव्वदाहून अधिक पाणीच असते. रस करणे म्हणजे ते पाणी घालवणे. टोमॅटो चिरून तसेच ठेवून देऊ नयेत. चिरताच त्याच्या अंगचा चिकटपणा विरू लागतो आणि रस पुढे पाणी सोडतो. चिरले की लगेच तापत्या पातेल्यात टाकावेत, म्हणजे दाटपणा टिकतो. पातेले पितळेचे बिनकल्हईचे नको, ॲल्युमिनियमचेही नको. आंबट पदार्थ धातूला खातो. जाड बुडाचे स्टेनलेस स्टीलचे उत्तम. येथे एक खुलासा केला पाहिजे. भिलाईचे पातेले म्हणून कोणी कौतुकाने विचारतात. परंतु आमच्या कारखान्याचे नाव रेल्वेच्या रुळांसाठी. पातेल्याचे पोलाद सेलमसारख्या ठिकाणचे.

मऊ झालेले टोमॅटो मिक्सरमध्ये घालण्यासाठी मी उचलले, तेव्हा सूनबाईने प्रथमच मला अडवले. बिया फुटल्या की कडवटपणा उतरतो आणि हवा मिसळून रस फिका पडतो, असे तिचे म्हणणे. इटलीत यासाठी हाताने फिरवायचे जाळीचे एक यंत्र असते. तिने हवेतच मूठ गरगर फिरवून दाखवली. मी काही न बोलता फडताळावरून पुरणयंत्र काढले. माझ्या सासूबाईंचे ते. दांड्याची लाकडी मूठ दोनदा बदललेली. श्रोतेहो, तेच यंत्र! साल आणि बिया वर राहिल्या, खाली मखमलीसारखा लाल गर पडला. होळीला जे यंत्र चालते ते डिसेंबरात इटलीच्या कामी आले, आणि सूनबाई त्या मुठीकडे अशी पाहत राहिली, की जणू माहेरचे कोणी भेटले.

मग लोणी आणि कांदा घालून मंद आचेवर, झाकण न ठेवता, पाऊण तास. मधून मधून ढवळावे. लोण्याचे थेंब कडेने सुटू लागले की रस झाला. कांदा काढून टाकावा. मी तो टाकला नाही, पोळीबरोबर खाल्ला. गुळाचा खडा घालू का, असे मी विचारले, त्यावर “नको” असे ठाम उत्तर मिळाले. हिवाळ्यातल्या टोमॅटोला गोडी असते. पावसाळी टोमॅटोला चिमूटभर साखर चालेल, एवढी तडजोड झाली. वासासाठी दोन पाने हवीत, तर ती दूर नाहीत. फालुद्यात ज्याचे बी घालतात तो आपला सब्जा, म्हणजेच इटलीचा बेझिल. त्यांचा वाण वेगळा, कुळ तेच. आणि गजऱ्यात माळतात तो मरवा, हा पुडीतल्या ओरेगानोचा सख्खा भाऊ.

पास्त्याचे मी थोडक्यात आटोपते. वेष्टनावर कठीण गव्हाचा रवा असे लिहिलेले पाहावे. मैद्याचा घेऊ नये. ज्या कठीण गव्हाच्या शेवया आपल्याकडे होत आल्या त्याच जातीचा हा गहू. सिसिलीत पीठ काडीभोवती गुंडाळून पास्ता करतात, हे ऐकले तेव्हा मला आमच्याकडचे सरगुंडे आठवले. काडीवर वळायचे, वाळवायचे, शिजवून आंब्याच्या रसाबरोबर वाढायचे. आजी ते वळताना गाणी म्हणत असे. सरगुंड्यांवर टोमॅटोचा रस घालायचा हा प्रयोग आम्ही पुढच्या उन्हाळ्यात केला. आमच्या ह्यांनी दोनदा मागून घेतला, आणि आंब्याचा रसही सोडला नाही. महागड्या चीजवाचून अडत नाही. दक्षिण इटलीतल्या गरिबांच्या घरी तेलात भाजलेला पावाचा चुरा त्या जागी येई.

रस बाटलीत भरून ठेवण्याविषयी मात्र सावध करणे माझे कर्तव्य आहे. लोणी, कांदा किंवा लसूण घातलेला रस घरी बाटलीबंद करून फडताळात ठेवू नये; त्यात हवेवाचून वाढणारे विषारी जंतू निपजू शकतात आणि त्यांचा वास-रंग काही कळत नाही. असा रस शीतकपाटात तीन-चार दिवस, किंवा बर्फाच्या कप्प्यात. बाटलीत भरायचा तो निव्वळ टोमॅटोचा गर. टोमॅटोची आंबट जात प्रत्येक वेळी पुरेशी असतेच असे नाही, म्हणून लिटरमागे अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड, ज्याला लिंबूसत्त्व म्हणतात, ते मोजून घालावे. बरण्या स्वच्छ, उकळता गर वर थोडी जागा सोडून भरलेला, नवी झाकणे. पातेल्यात खाली फडके घालून बरण्या पूर्ण बुडवाव्यात, पाणी झाकणांच्या वर बोटभर राहावे, आणि उकळी आल्यापासून अर्ध्या लिटरच्या बरणीला चाळीस मिनिटे मोजावीत. घड्याळ लावून मोजावीत, अंदाजाने नव्हे. दहा किलो टोमॅटोच्या आमच्या आठ बरण्या झाल्या.

आठ बरण्यांनी धमध्याच्या शेतकऱ्याचे भले झाले, असे मी म्हणणार नाही. परंतु हिशेब मनातून जात नाही. जो टोमॅटो हिवाळ्यात तोडणीच्या मजुरीइतकाही भाव आणत नाही आणि गुरांपुढे टाकावा लागतो, तोच २०२३ च्या जुलैत देशभर किलोला शंभराच्या वर गेला होता. त्याच गावच्या दुकानात दूर देशाहून आलेली रसाची बाटली अडीचशे रुपयांना मांडलेली असते आणि आपण ती उचलतो. मधल्या सहा महिन्यांचे अंतर बरणीने तुटते. घरात आठ बरण्यांनी तुटते; जिल्ह्यात तुटायचे तर कारखाने हवेत, आणि कारखाना म्हणजे काय हे भिलाईला कोणी शिकवायला नको.

पुढच्या पावसाळ्यात सूनबाई माहेरी निघाली तेव्हा तिने तीन बरण्या मागितल्या. पुण्यात सगळे मिळते ग, मी म्हटले. “हे नाही मिळत,” ती म्हणाली, आणि जुन्या साडीत गुंडाळून तिने त्या बॅगेच्या मधोमध ठेवल्या. परत आली ती रिकाम्या, धुतलेल्या बरण्या घेऊन. एकीत तिच्या आईने मेतकूट भरून दिले होते. आता पुन्हा डिसेंबर आला आहे. रविवारी सुपेल्याला लवकर निघायचे, असे तिनेच काल रात्री सर्वांना बजावले. आवाज चांगला चढलेला होता. पुरणयंत्र ओट्यावर काढून ठेवले आहे, मूठ पुन्हा हलू लागली आहे.