सोरायसिस : दुखणं कातडीपुरतं नाही

कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात लालसर चट्टे आणि त्यावर चंदेरी पापुद्रे. गजकर्ण समजून माणसं वर्षानुवर्षं दुकानातलं मलम लावत राहतात. हा सोरायसिस असू शकतो. तो स्पर्शानं पसरत नाही. अशा माणसाचं ताट-पांघरूण वेगळं ठेवणं हा निव्वळ अन्याय आहे.

यात शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते आणि दाह निर्माण करते. महिनाभरात बदलणारी कातडी काही दिवसांतच बदलू लागते. हा दाह रक्तातूनही फिरतो, इन्सुलिनचं काम बिघडवतो आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो. म्हणून या रुग्णांत मधुमेह, रक्तदाब, चरबीयुक्त यकृत जास्त आढळतं. २००६च्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात, तीव्र सोरायसिस असलेल्या तरुणांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ठळकपणे वाढलेला दिसला.

म्हणून नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चट्टे दाखवायला जाल, तेव्हा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासून घ्या. कंबर मोजा: पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल तर वजन उतरवायला हवं, त्यानं चट्टेही कमी होतात. तंबाखू, बिडी, दारू सोडा. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. त्या अचानक थांबवल्या की हा आजार अंगभर उसळू शकतो.