मतदान केंद्रावरील रिकामी खुर्ची



जून २०२४ मध्ये अहमदनगर लोकसभा मतदारसंघात सुमारे २९ हजार मतांनी पराभूत झालेले भारतीय जनता पक्षाचे उमेदवार सुजय विखे पाटील यांनी ४० केंद्रांवरील मतदान यंत्रांची तपासणी व्हावी, असा अर्ज केला. त्याच वर्षी विधानसभेच्या निकालानंतर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी आपल्या गावापुरते मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहण्याचे ठरविले. ३ डिसेंबरला गावात जमावबंदी लागू होती, मतदान झालेच नाही आणि ग्रामस्थांवर गुन्हे मात्र दाखल झाले. पहिला अर्ज केंद्रातील सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराचा होता. दुसरा प्रयत्न विरोधी पक्षाच्या समर्थकांचा. निवडणुकीवरील अविश्वास हा आता कोणा एका पक्षाचा राहिलेला नाही. जो हरतो त्याच्या मनात तो उत्पन्न होतो आणि जो जिंकतो तो त्याची टिंगल करतो. पुढच्या निवडणुकीत भूमिका तेवढ्या बदलतात.

मारकडवाडीत शासनाने पोलीस पाठविले, ही गोष्ट निषेधार्हच होती. यंत्र निर्दोष आहे असे ज्यांचे म्हणणे, त्यांना एका खेड्यातल्या मतपेटीचे भय वाटण्याचे कारण नव्हते. परंतु त्या प्रयोगाकडे कार्यकर्त्यांनी जरा कठोरपणे पाहिले पाहिजे. जाहीर निकालाप्रमाणे त्या गावात भाजपच्या उमेदवाराला १,००३ आणि प्रतिपक्षाला ८४३ मते मिळाली होती. फेरमतदानाला एकाच बाजूचे लोक आले असते तर त्यातून जो आकडा निघाला असता, तो दुसऱ्या बाजूने मानला असता काय? निकालानंतर एका पक्षाने मांडलेली मतपेटी सर्व गावाची होत नाही. विश्वास निर्माण व्हावयाचा तर तो मतदानापूर्वी आणि प्रतिस्पर्ध्यांच्या समक्षच व्हावा लागतो.

न्यायालयाचा मार्ग आहेच. याच जिल्ह्याने तो अनुभवलेला आहे. १९९१ ची अहमदनगर लोकसभेची निवडणूक उच्च न्यायालयाने रद्द ठरविली आणि १९९३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. १९९४ मध्ये पोटनिवडणूक झाली. न्याय झाला, पण मुदतीची निम्मी वर्षे उलटून गेल्यावर. यंत्राच्या तपासणीचेही तसेच. २६ एप्रिल २०२४ च्या निर्णयाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रे तपासून मागता येतात; तीही निकालानंतर सात दिवसांच्या आत आणि खर्च भरून. सामान्य मतदाराचा या व्यवहाराशी काहीही संबंध येत नाही.

हा संबंध जोडण्याचा विचार समाजवादी चळवळीला नवा नाही. जयप्रकाशजींनी नेमलेल्या तारकुंडे समितीने १९७५ मध्येच मतदारसंघांत मतदार परिषदा स्थापन कराव्यात, असे सुचविले होते. निवडणुका निर्भय व निष्पक्ष व्हाव्यात यासाठी पक्षांपलीकडच्या नागरिकांनी लक्ष ठेवावे, ही त्यामागची दृष्टी. समितीच्या इतर सूचनांवर पुष्कळ चर्चा झाली. ही सूचना मात्र, तिला कायद्याची गरज नव्हती म्हणूनच की काय, विस्मरणात गेली.

वस्तुतः कायद्याने आज जे दिले आहे तेही वापरले जात नाही. मतदान सुरू होण्यापूर्वी दीड तास प्रत्येक केंद्रावर प्रतिनिधींच्या समक्ष किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते. यंत्र आणि चिठ्ठ्या यांचा मेळ घालून पाहिला जातो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एकूण मतांची नोंद असलेला नमुना १७-क प्रतिनिधीला देतो. मोजणीच्या दिवशी तो आकडा ताडून पाहता येतो. परंतु पहाटे साडेपाचला केंद्रावर हजर राहावयाचे कोणी? मोठ्या पक्षांचे प्रतिनिधी पोळी-भाजीच्या डब्यासह येतात. पुरोगामी पक्षांच्या प्रतिनिधीची खुर्ची असंख्य केंद्रांवर रिकामी असते. ज्याच्याजवळ १७-क ची एकही प्रत नाही, त्याने मोजणीनंतर सभेत आकड्यांचा घोळ सांगावा, याला लोक फारसे महत्त्व देत नाहीत आणि ते त्यांचे चूक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून केंद्रांवरील चित्रीकरण नागरिकांना पाहण्यास मिळू नये अशी तजवीज झाली. पुढे मे २०२५ मध्ये, निवडणुकीला आव्हान दिले गेले नसेल तर ४५ दिवसांनी ते नष्ट करण्याच्या सूचना निघाल्या. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या त्या चिठ्ठीच्या यंत्राविनाच. या सर्वांविरुद्ध लढले पाहिजे. पण लढा चालू असताना हातात उरतो तो प्रतिनिधीने स्वाक्षरीनिशी घेतलेला कागदच.

येथे कोणी म्हणेल की निवडणुकीची कटुताच नको, गाव बिनविरोध करावे. या जिल्ह्यात या विचाराला मोठी प्रतिष्ठा आहे. २०२० च्या अखेरीस पारनेरचे तत्कालीन आमदार निलेश लंके यांनी बिनविरोध होणाऱ्या गावांना २५ लाखांचा निधी जाहीर केला होता. हेतू चांगला असेल. परंतु लगेच पुढच्या महिन्यात नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचे लिलाव झाल्याचे उघडकीस येऊन राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणुका रद्द केल्या. बिनविरोध या शब्दाखाली एकमत असते तसाच दबावही असतो, आणि कधी कधी बोलीही. हिवरे बाजारचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली बिनविरोध चालत आलेल्या त्या गावात जानेवारी २०२१ मध्ये सुमारे तीन दशकांनी मतदान झाले. पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. गाव फुटले नाही. उलट नेतृत्वावरचा विश्वास प्रथमच मोजून मिळाला. ज्या ग्रामसभेत पावसाच्या मापावरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि कोणती पिके घ्यावयाची हे ठरते, त्या ग्रामसभेला मतांच्या मोजणीचे भय नसते.

मात्र विश्वासाची आणखी एक बाजू आहे आणि सहकाराच्या या जिल्ह्यात तीच अधिक नाजूक आहे. मत मोजले गेले याची खात्री जशी हवी, तसे ते कोणाला दिले हे कोणास कळणार नाही याचीही हवी. १९५० च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला तो शेतकऱ्याला सावकारापासून मुक्त करण्यासाठी. आज त्या शेतकऱ्याचा ऊस, दूध आणि पीककर्ज ज्या संस्थांकडे जाते त्यांच्या खुर्च्यांवर निवडणूक लढविणारीच मंडळी बसलेली असतात. निकाल केंद्रवार जाहीर होतो. कोणत्या वाडीने साथ दिली नाही हे दुसऱ्या दिवशी उघड असते आणि ऊसतोडीची तारीख कोणाच्या हातात आहे हे वाडीला ठाऊक असते. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांची मते मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रांसाठी तशीच व्यवस्था करण्याची शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात केली, ती अमलात आली नाही. केंद्रवार आकडा ताळा पाहण्यास उपयोगी पडतो, तोच सूडासही उपयोगी पडतो. ही अडचण खरी आहे आणि तिचे सोपे उत्तर नाही. एकूण मतांचा ताळा केंद्रवार आणि उमेदवारांची मते एकत्रित, अशी मागणी पक्षाने आता निःसंदिग्धपणे करावयास हवी.

कामाची सुरुवात मात्र यंत्रापासून नव्हे, यादीपासून व्हावी. पाथर्डी-शेवगावच्या डोंगराळ पट्ट्यातून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेले नवराबायको कोयता घेऊन एप्रिलपर्यंत घराबाहेर असतात आणि मतदार यादीचे वार्षिक पुनरीक्षण बहुधा त्याच महिन्यांत येते. दार बंद दिसले की ‘स्थलांतरित’ असा शेरा पडण्यास वेळ लागत नाही. ग्रामसभेत यादी नावानिशी मोठ्याने वाचली, तर कोण वारले, कोण लग्न होऊन गेली, कोण उपरा घातला गेला आणि कोण केवळ ऊस तोडायला गेले आहे, हे शेजारीच सांगतात. त्याला बीएलओचे ज्ञान पुरे पडत नाही. त्या वाचनाला सर्व पक्षांचे केंद्रस्तरीय प्रतिनिधी बसवावेत, हरकतींचे नमुने तेथेच भरावेत आणि ते दसऱ्यापूर्वी उरकावे. दसरा झाला की टोळ्यांच्या गाड्या भरू लागतात.